टाकसाळीची चूक की नंतरची इजा?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत दरवर्षी इतिहास, आरोग्य, संतसाहित्य असे विषय होतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला नाण्यांवर बोलायला सांगितले, आणि तेही होन-मोहरांवर नव्हे, तुमच्या-आमच्या खिशातल्या रुपया-दोन रुपयांवर. आम्ही म्हणजे महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयाच्या खोलीत भिंग आणि वजनकाटा घेऊन बसणारी पाच-सहा माणसे. इतिहासाचा पदवीधर त्यात एकही नाही. दोघे बँकेतून निवृत्त झालेले, एक सराफी पेढीवर काम करणारे, आणि आज बोलायला पुढे ढकललेले आम्ही, यांत्रिकी पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत वीस वर्षे काढलेले. लेथ, प्रेस आणि डाय यांची ओळख आहे, एवढेच भांडवल. सुदैवाने या विषयाला तेच लागते.

रविवारी कोणी ना कोणी येते आणि रुमालातून एक नाणे काढून विचारते, "हे चुकलेले आहे. ह्याचे किती येतील?" मोबाईलवर कोणीतरी पाठवलेले असते की असल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात. किमतीचे नंतर बोलू. आधी प्रश्न असा, की नाणे टाकसाळीतच चुकले, की टाकसाळीतून नीट बाहेर पडले आणि मग जगाने त्याचे हाल केले? पहिल्याला संग्राहक मिंट एरर म्हणतात. दुसरे म्हणजे खराब झालेले नाणे, त्याची किंमत त्याच्यावर लिहिलेली आहे तेवढीच.

हैदराबादेत राहून आपल्याला हा विषय परका वाटू नये. निजामाची टाकसाळ १८०३ साली सुलतानशाहीत सुरू झाली, १९०३ साली सैफाबादला आली आणि १९९७ साली चेर्लापल्लीला गेली. सैफाबादच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे, जरूर पाहून या. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांच्या बोलण्यात "हाली" आणि "कलदार" हे शब्द होते. सात हालीला सहा कलदार हा हिशेब ज्यांच्या जिभेवर होता त्यांची नातवंडे आपण. आजही खिशातले नाणे काढून सालाखाली बघा. पाच टोकांची चांदणी दिसली तर ते आपल्या गावचे नाणे. हिऱ्याची खूण मुंबईची, ठिपका नोएडाचा. आणि काहीच खूण नसेल तर ते कोलकात्याचे. "खूण पाडायला विसरले" म्हणून आमच्याकडे जी नाणी येतात त्यातली बहुतेक कोलकात्याची निघतात, म्हणून हे आधीच सांगून टाकले.

आता नाणे कसे पाडतात ते. धातूची लांब पट्टी प्रेसखाली सरकत जाते आणि तिच्यातून गोल चकत्या कापल्या जातात. मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडाव्यात, तसेच. या चकत्या भट्टीत तापवून नरम करतात, धुतात, आणि एका अरुंद खाचेतून दाबत फिरवतात, त्यामुळे चकतीची कड किंचित उभी राहते. मग ती चकती मुख्य प्रेसमध्ये जाते. खाली एक ठसा, वर एक ठसा, भोवती कॉलर म्हणजे पोलादी कडे. एका दाबात छापा, काटा आणि कड तिन्ही तयार. कॉलर नसती तर धातू पुरीच्या कणकेसारखा बाजूला पसरला असता.

यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ठसा उलटा असतो. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच. ठशाला तडा गेला तर पुढच्या प्रत्येक नाण्याचा धातू त्या फटीत चढतो आणि नाण्यावर केसासारखी उंच रेषा येते. ठशाच्या कडेचा टवकाच उडाला तर नाण्याच्या कडेला लागून धातूचा गुळगुळीत फुगवटा दिसतो, त्यात अक्षर नसते. आणि त्याच जागी नाण्याच्या दुसऱ्या बाजूचे चित्रही बहुधा फिके असते, कारण तिथे धातूला दाबायला समोर काही नव्हतेच. असा फुगवटा घरी बसून करता येत नाही. नाण्यावर धातू वाढवणे कठीण, खरवडणे सोपे.

ओरखड्याचे उलट. तो खोल असतो, आणि त्याच्या दोन्ही काठांना धातूची बारीक वरंब उठलेली असते, नांगराच्या तासाला असते तशी. धातू कुठे गेला हे ती वरंब सांगते. बोटाच्या नखाने हलकेच चाचपले तरी कळते. रस्त्यावर घासलेले, नोटा-नाणी मोजायच्या यंत्रात अडकून गोल खरचटलेले, कुलपाच्या किल्लीबरोबर दहा वर्षे खिशात राहिलेले, अशा सगळ्या नाण्यांचा धातू हलवलेला किंवा काढून नेलेला असतो.

"उंच म्हणजे चूक, खोल म्हणजे इजा" हा नियम दहातल्या आठ नाण्यांना पुरतो. उरलेल्या दोनांसाठी जरा थांबावे लागते. कधी ठसा आणि चकती यांच्यामध्ये काहीतरी सापडते, ब्रशचा तार, चिंधीचा धागा, पट्टीचा बारीक कीस. त्याचा आकार नाण्यावर खोल उमटतो आणि ती टाकसाळीचीच चूक असते. मग ओळखायचे कसे? त्या खोल रेघेच्या काठाला वरंब नसते. तळ मऊ आणि सारखा असतो, आणि धाग्याचा पीळसुद्धा भिंगातून दिसू शकतो. त्याचप्रमाणे ठशातल्या अक्षरात वंगण आणि मळ साचला तर अक्षर भरत नाही, नाण्यावर एखादा आकडा किंवा आपली चांदणी गायब होते. ही खरी चूक आहे, पण फार सामान्य, तिला कोणी विचारत नाही. मात्र कोणी चांदणी खरवडून काढली असेल तर तिथला पृष्ठभाग आजूबाजूच्यापेक्षा निराळा चमकतो. वंगणाने अडलेल्या जागी तो इतरांसारखाच असतो.

चमकेचा विषय निघालाच आहे. नव्या नाण्याला दिव्याखाली धरून हळूहळू फिरवले तर प्रकाशाचे पट्टे चक्रासारखे फिरतात. दाबाखाली धातू मध्याकडून कडेकडे वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांचा तो खेळ. हे चक्र जर शंकास्पद भागावरूनही न तुटता जात असेल तर तो भाग ठशाखालीच तयार झाला. चक्र तिथे अडखळले, तर नंतर कोणाचा तरी हात लागला आहे. म्हणूनच आमच्या बैठकीत येणाऱ्यांना हात जोडून सांगणे आहे की नाणे घासून आणू नका. गणपतीच्या आधी घरोघरी ताम्हन, निरांजने चिंच आणि पितांबरी लावून लखलखीत होतात, ते योग्यच. त्याच हाताने डब्यातली नाणीही घासली जातात, आणि जो पुरावा भिंगाला हवा होता तो मोरीतून वाहून जातो.

आता सध्या सर्वात जास्त येणारे नाणे, दहा रुपयांचे. दोन धातूंचे, सत्तावीस मिलिमीटर व्यासाचे, वजन ७.७१ ग्रॅम. बाहेरचे कडे पिवळे, मधली चकती पांढरी. याचे मधले निघालेले, तिरके बसलेले, उलटे बसलेले असे अनेक नमुने लोक आणतात. इथे प्रेसचे काम आठवले तर उत्तर आपोआप मिळते. कडे आणि मधली चकती प्रेसमध्ये जाताना दोन्ही कोरी असतात. चकती कड्याच्या भोकात सैल ठेवलेली असते, आणि त्याच एका दाबात दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात आणि दोहोंवर चित्रही उमटते. म्हणजे मधली चकती आत कशीही फिरलेली असो, ती कोरीच होती. तिच्यावरचे सिंह आणि कड्यावरची अक्षरे एकाच ठशाने पाडली, म्हणून त्यांचा मेळ कधीच बिघडू शकत नाही. सिंह एका बाजूला कललेले आणि भोवतालची अक्षरे सरळ, असे नाणे दिसले तर ते कोणीतरी मधली चकती ठोकून काढून परत बसवलेली आहे. मधली चकती उलटी असेल, म्हणजे सिंहांच्या बाजूला आकडा, तरीही तेच.

मधली चकती भोकात नीट न बसता दाब पडला, तर ती कड्यावर चढलेली दिसते, मात्र चित्र तिच्यावरून कड्यावर सलग जाते. हे खरे. चकती आत पडलीच नाही आणि नुसत्या कड्यावर दाब पडला, तर कड्याचा धातू आतल्या मोकळ्या जागेतही सरकतो, भोकाची भिंत फुगीर आणि वेडीवाकडी होते. नंतर ठोकून काढलेल्या नाण्याच्या भोकाची भिंत मात्र तयार आणि गोल असते, मधली चकती जिथे रुतली होती त्याची खूण तिच्यावर राहते, आणि हातोडी-पंचाचे व्रण भिंगाखाली लपत नाहीत. एवढे समजले की दहाच्या नाण्यांतली नव्वद टक्के "नवलाई" आपल्या दारातच उतरते.

कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेली नाणीही बरीच येतात. हीसुद्धा खरी चूक असू शकते. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर अर्धवट पडतो, आणि चकतीला चावा बसतो. पुऱ्या पाडताना वाटी शेजारच्या भोकावर पडली की पुरी तशीच निघते. पण हाच चावा कानशीने दहा मिनिटांत घालता येतो. फरक असा. खरा चावा दाबाच्या आधीचा, म्हणून दाबाखाली तिथला धातू त्या रिकाम्या जागेकडे वाहिलेला असतो. जवळची अक्षरे ताणलेली, निमुळती, काठाशी विरघळल्यासारखी दिसतात. कानशीने कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने कापल्यासारखे तुटते. आणि दुसरी खूण आम्हाला फार आवडते. चाव्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, नाण्याच्या पलीकडच्या टोकाला, कड पातळ किंवा नाहीशी असते. कारण कड उभी करणाऱ्या खाचेत चकती दोन समोरासमोरच्या बाजूंनी दाबली जाते, आणि एका बाजूला चावा आल्यावर दुसऱ्या बाजूला दाबच बसत नाही. याला नाणेशास्त्रात ब्लेकस्ले परिणाम म्हणतात. कानस घेऊन बसलेला माणूस चावा करतो, समोरची कड करायची त्याला आठवण राहत नाही. प्रत्येक खऱ्या चाव्यात ही खूण दिसेलच असे नाही, पण दिसली तर शंका संपते. आमच्याकडच्या एका शाळकरी मुलाने किराणा दुकानाच्या सुट्या पैशांतून असे पोलादी पन्नास पैशांचे नाणे काढले होते, ते आम्ही सर्वांनी आळीपाळीने अर्धा तास पाहिले.

इथे एका मावशींची गोष्ट सांगायला हवी. त्या आपल्या मंडळातल्याच, वय पंच्याहत्तरच्या पुढे. नाव सांगणार नाही, पण गोष्ट सांगायला त्यांनीच सांगितले आहे. काका गेल्यावर त्यांच्या टेबलाच्या खणात एक दोन रुपयांचे नाणे सापडले. अकरा कोनांचे, नकाशाचे, १९९२ नंतर आलेले. त्याच्या एका बाजूला अक्षरे उलटी आणि खोल उमटलेली. भाच्याने फोटो काढून कुठल्याशा जाहिरातीवर पाठवला. दुसऱ्या दिवशी फोन आला, की हे दुर्मीळ आहे, आठ लाख मिळतील. आधी नोंदणीची फी, मग कर, मग विमा. तीन वेळा पैसे गेले, मिळून साडेअकरा हजार. चौथ्यांदा मागणी आली तेव्हा मावशी नाणे घेऊन आमच्याकडे आल्या. पैसे देऊ की नको हे त्यांना विचारायचे नव्हते. त्यांना विचारायचे होते की नाणे खरे आहे ना. आठ लाखांत घराच्या गच्चीचे काम आणि डोळ्याचे ऑपरेशन दोन्ही त्यांनी मनात बसवले होते.

खरी चूक अशी होते. आधी पाडलेले नाणे कधी वरच्या ठशालाच चिकटून राहते. पुढची चकती आली की तिच्या एका बाजूला ठसा लागतच नाही, चिकटलेले नाणेच ठशाचे काम करते. मग त्या बाजूला खालच्याच चित्राची खोल आणि उलटी आकृती येते. याला ब्रॉकेज म्हणतात, आणि संग्राहक त्याला चांगला मान देतात. पण त्या बाजूला दुसरे काहीच नसते. ती चकती तिथे कोरी होती, तिच्यावर पहिल्यांदा जे उमटले ते हेच.

मावशींच्या नाण्यावर नकाशा होता. चपटा झालेला, पण होता. त्याच्या अंगावर दुसऱ्या नाण्याची उलटी अक्षरे रुतलेली. दुसऱ्या नाण्याच्या कोनाची सरळ रेघ नकाशाच्या मधून गेलेली, म्हणजे दोन नाणी एकमेकांवर नीट जुळलेली नव्हती. प्रेसच्या कॉलरमध्ये अकरा कोन एकमेकांवर बसल्यावाचून राहत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूला सिंहांच्या उंच भागावर बारीक चौकड्या उमटलेल्या. त्या पाहिल्या आणि आम्ही गप्प झालो. ज्याने वर्कशॉपमध्ये हात काळे केले आहेत त्याला त्या चौकड्या ओळखू येतात. ते व्हाइसच्या जबड्याचे दात. दोन नाणी समोरासमोर ठेवून व्हाइसमध्ये पिळली होती.

वजन केले, सहा ग्रॅम, जेवढे असायला हवे तेवढेच. धातू कुठे गेला नव्हता, फक्त दबला होता.

मावशींना हे सांगितले. त्या थोडा वेळ नाण्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनाही कोणीतरी फसवलं होतं का?" काका फिटर होते, सारी नोकरी एका कारखान्यात गेली. आम्ही म्हटले, नाही मावशी, फिटर माणूस जेवणाच्या सुट्टीत असले खेळ करतो. आम्हीही पदविकेच्या दिवसांत वर्कशॉपमध्ये केले आहेत. बहुतेक काकांनीच केले असेल. त्या हसल्या. नाणे त्यांनी परत रुमालात बांधले. ते आता देवघरात आहे असे भाचा सांगतो.

साडेअकरा हजार परत आलेले नाहीत. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. ती पहिल्या तासा-दोन तासांत नोंदवली असती तर पैसे अडवण्याची शक्यता जास्त होती, हे इथे मुद्दाम सांगतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर केले होते की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, ती अशा व्यवहारासाठी कुठलीही फी किंवा कमिशन मागत नाही, आणि तिच्या नावाने मागण्याचा अधिकारही कोणाला दिलेला नाही. नाणे विकत घेणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. खरा व्यापारी नाणे हातात घेतल्याशिवाय भाव सांगत नाही. फोटोवरून आठ लाख सांगणारा माणूस नाणे पाहतच नसतो, तो समोरच्याचे वय पाहत असतो.

किमतीचे विचारता म्हणून सांगतो. अगदी खात्रीच्या आणि ठळक चुकीच्या नाण्याला आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा काही शे रुपये आले. चार आकडी एकदाच. गुळगुळीत फुगवट्याची, फिक्या अक्षरांची, किंचित सरकलेल्या चित्राची नाणी तर मुलांना भिंग धरायला शिकवायच्या कामाची. वैष्णोदेवीच्या नाण्याला अमुक लाख वगैरे जे फिरते, ती तर चूकही नव्हे, सरकारने रीतसर काढलेले स्मरणनाणे ते.

तसेच अनेक गोष्टी चूक वाटतात आणि नसतात. पाच रुपयांचे जुने जाड नाणे तांबे-निकेलचे, नऊ ग्रॅमचे. २००७ चे पोलादी पाच त्याच मापाचे पण सहा ग्रॅमचे. एकाला चुंबक चिकटत नाही, दुसऱ्याला चिकटते. दोन्ही बरोबर आहेत. दहाच्या नाण्यावर कुठे रुपयाचे चिन्ह आहे, कुठे नाही. चिन्हच २०१० साली आले, तर आधीच्या नाण्यावर कुठून असणार? दहाच्या नाण्याच्या चौदा निरनिराळ्या घडणी चालू आहेत असे रिझर्व्ह बँकेने २०१८ साली स्पष्ट केले, तरी आपल्या शहरात आजही दुकानदार आणि ऑटोवाले "हे खोटे" म्हणून परत करतात. १९८५ च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी "एच" आहे, तो बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचा, तिथून नाणी पाडून आणली होती. १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा टाकसाळीनेच भोक पाडून काढला, युद्धात तांबे वाचवायला. मात्र त्याच काळातल्या इतर नाण्याला भोक असेल तर ते बहुधा कोणाच्या तरी गळ्यातल्या दोऱ्यासाठी पाडलेले.

आणि शिवराई. ती आणून "अर्धीच अक्षरे आहेत, चुकलेली आहे" म्हणणारेही भेटतात. शिवराई हाताने पाडलेली, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे लेख पुरा बसणारच नाही. चूक ही कल्पना यंत्र आल्यावरची. जिथे एकही नाणे दुसऱ्यासारखे नाही तिथे कोणते चुकले म्हणणार?

छापा आणि काटा यांची दिशा मात्र घरी पाहण्याजोगी आहे. आपल्या नाण्याच्या सरळ चित्राला वरून आणि खालून दोन बोटांत धरा आणि उभ्या आसाभोवती फिरवा. मागचे चित्रही सरळच यायला हवे. ते तिरके किंवा पार उलटे आले तर ठसा प्रेसमध्ये सैल होऊन फिरला होता. थोडा कल नेहमीचाच, पण पाव वर्तुळाच्या पुढे गेला तर जपून ठेवा. ही चूक कानस-हातोडीने करता येत नाही. एकच फसवणूक शक्य आहे, दोन नाणी अर्धी घासून एकमेकांना झाळणे. दोन्हीकडे छापा असलेली नाणी अशीच बनतात. ती टेबलावर टाकून ऐका, आवाज बद्द येतो. कडेच्या आतल्या बाजूला गोल सांधा भिंगाने सापडतो, आणि वजन जुळत नाही.

वजनकाटा हे या कामातले सर्वात स्वस्त आणि सर्वात प्रामाणिक साधन. दोन दशांश दाखवणारा लहान काटा पुरतो. आम्लात बुडवलेले नाणे पातळ होते, अक्षरे साबणासारखी झिजलेली, वजन कमी. गोदावरीच्या पुलावरून टाकलेली आणि पुन्हा कोणी काढलेली नाणी अशीच दिसतात. बासरला किंवा नांदेडला जाताना आपणही टाकतोच की. ॲल्युमिनियमचे जुने पैसे तर पाण्याने भोके पडेपर्यंत खाल्ले जातात. सोनेरी रुपया मुलामा दिलेला असतो, वजन किंचित वाढलेले. पण एका किमतीचे चित्र आणि दुसऱ्या किमतीचे वजन, असे काट्यावर अचूक जुळले, तर मात्र खुर्ची जवळ ओढून बसावे. चुकीच्या चकतीवर पाडलेले नाणे हे या छंदातले मोठे भाग्य. आमच्या बैठकीला ते अजून लाभलेले नाही.

रुळावर नाणे ठेवून चपटे करणाऱ्या मुलांना, आणि व्हाइस-कानशीने "एरर" बनवून विकणाऱ्यांना एवढेच सांगतो की २०११ च्या नाणे कायद्यात नाणी वितळवणे आणि नष्ट करणे हा गुन्हा आहे, आणि रुळावर बसणे हा गुन्ह्यापेक्षाही वाईट उद्योग आहे.

भाषणानंतर बाहेरच्या टेबलावर वीस नाणी मांडली आहेत, निम्मी टाकसाळीत चुकलेली, निम्मी नंतर बिघडलेली. शेजारी भिंग आणि काटा आहे. नाणे कडेला धरा, बोट चित्रावर टेकवू नका. विसावे नाणे निराळे ठेवले आहे. एक रुपया, १९९२ नंतरचा, पोलादी, सालाखाली चांदणी. आकड्यावरून एक बारीक खोल रेघ गेली आहे. काठाला वरंब नाही, तळ मऊ आहे, म्हणून आमच्यातले तिघे म्हणतात की ब्रशचा तार ठशाखाली सापडला. पण रेघ कडेवरूनही पुढे बाजूला उतरते, आणि तिथे कॉलर होती, तार तिकडे गेला कसा, असे सराफी पेढीवरचे आमचे मित्र विचारतात. दोन रविवार यावर गेले आहेत. तुम्हीही बघा, आणि शेजारच्या वहीत आपले मत लिहा, पण कारणासकट.